प्रवासी गिऱ्हाईक : कोण येतो, कशासाठी येतो, काय नेतो

आपल्या कापड व्यापाऱ्यांत एक समज फार जुना आहे. गावचे गिऱ्हाईक ते खरे. वाटसरू म्हणजे वरकड कमाई, आज आला, उद्या कोण कुठे! मनमाडसारख्या जंक्शनच्या गावात हा समज पिढ्यान्‌पिढ्या टिकला, कारण तो टिकावा अशीच परिस्थिती होती. सिकंदराबाद, नांदेड, औरंगाबादकडून येणारी गाडी मीटरगेजची आणि मुंबई-भुसावळची लाईन ब्रॉडगेजची. प्रवाशाला सामानासह येथे उतरावेच लागे आणि पुढच्या गाडीची वाट पाहत तास-दोन तास बसावे लागे. शिर्डीचा भाविकही बहुधा इथेच उतरून एस.टी. किंवा टॅक्सी पकडत असे. बसलेला माणूस काहीतरी घेतोच. चादर, टॉवेल, मुलासाठी टोपी, बायकोसाठी साधी साडी. दुकानदाराने गिऱ्हाईक ओळखण्याची गरजच नव्हती. गाडीचे टाईमटेबल पाठ असले की धंदा होत असे.

ती परिस्थिती एकेक करून गेली. १९९० च्या दशकात मराठवाड्याची लाईन रुंद झाली आणि गाड्या सरळ जाऊ लागल्या. २००९ मध्ये साईनगर शिर्डी हे स्टेशन सुरू झाले. १ ऑक्टोबर २०१७ रोजी शिर्डीचे विमानतळ उघडले. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला आणि विदर्भातील माणूस सकाळी निघून संध्याकाळी दर्शनाला पोहोचू लागला. फेब्रुवारी २०२३ पासून मुंबई-शिर्डी वंदे भारत गाडी धावते; ती मनमाडवरूनच जाते, पण तिच्यातला प्रवासी शिर्डीलाच उतरतो. शिर्डीची गर्दी आटलेली नाही. ती आता आपल्या दाराशी थांबत नाही, एवढाच फरक आहे. पूर्वी आपल्याकडे अडकलेले गिऱ्हाईक येत होते. आता जे येईल ते स्वतः ठरवून येईल. म्हणून हा प्रवासी घरातून का निघतो आणि परत जाताना कोणासाठी काय नेतो, याचा अभ्यास करणे ही आपल्या पोटापाण्याची बाब झाली आहे.

परदेशात या विषयावर बरेच लिहिले गेले आहे. ग्रॅहम डॅन या अभ्यासकाने १९७७ मध्ये एक सोपी मांडणी केली. माणसाला घरातून बाहेर ढकलणारी कारणे वेगळी आणि ठिकाणाकडे ओढणारी कारणे वेगळी. ढकलणारे कारण म्हणजे रोजच्या कामाचा कंटाळा, मुलांची सुटी, फेडायचा नवस, आजारपणातून उठल्यानंतरचा शुकराना. ओढणारे कारण म्हणजे ते देवस्थान, तो किल्ला, ती थंड हवा. दोन वर्षांनी क्रॉम्प्टन नावाच्या दुसऱ्या अभ्यासकाने सहलीला जाणाऱ्यांच्या मनातली कारणे शोधली. त्यात घरच्या माणसांशी नाते घट्ट करणे हेही एक ठळक कारण निघाले. आपण दुकानदार मात्र सगळा विचार ओढीचाच करतो. शिर्डी आहे, वेरूळ आहे, येवला आहे, मग लोक येणारच! लोक येतात हे खरे, परंतु खरेदी ठरते ती ढकलणाऱ्या कारणावरून. नवस फेडायला आलेली बाई आणि मुलांना सुटी म्हणून आलेली बाई एकाच देवळातून बाहेर पडतात. पहिलीला दहा घरी वाटायला काहीतरी हवे असते. दुसरीला मुलाचे रडे थांबवायचे असते.

सर्वांत मोठा प्रवासी आपण मोजतच नाही

पर्यटक म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कॅमेरावाला येतो. सरकारच्या राष्ट्रीय नमुना पाहणीने जुलै २०१४ ते जून २०१५ या वर्षात देशांतर्गत प्रवासाची मोठी पाहणी केली. तिच्यात असे दिसले की, घराबाहेर मुक्काम करावा लागणाऱ्या प्रवासांपैकी फार मोठा हिस्सा नातेवाईकांकडे जाणे, लग्नकार्य, सुखदुःख अशा सामाजिक कारणांचा आहे. शहरात तसेच आणि खेड्यातही तसेच. म्हणजे आपला खरा पर्यटक बहुतेक वेळा कोणाचा तरी जावई, कोणाचा मामा, कोणाची लेक असते.

मनमाडपुरते बोलायचे तर रेल्वेच्या नोकरीमुळे येथे देशभरातली कुटुंबे आली. त्यांची मुले मुंबई-पुण्याला नोकरीला गेली. मे महिन्यात, दिवाळीत, ईदला ही मुले बायकापोरांसह परत येतात. ती हॉटेलात उतरत नाहीत, म्हणून त्यांना कोणी पर्यटक म्हणत नाही. पण खरेदी करतात ती पर्यटकासारखीच, म्हणजे घाईत आणि जाण्याच्या आदल्या दिवशी. पुण्यातल्या शेजाऱ्याला ‘आमच्या गावाकडचे’ म्हणून काही द्यायचे असते. अशा वेळी गावाकडचे म्हणून आपण काय दाखवतो? सुरतेची साडी आणि तिरुपूरची बनियन. ती तर त्यांच्या गल्लीतही मिळते. वास्तविक येवला आपल्यापासून पाऊण तासावर, मालेगाव चाळीसेक किलोमीटरवर. माग आपल्या दोन्ही बाजूंना चालतात आणि आपल्या फळीवर त्यांचा माल शोधावा लागतो.

जपानी लोकांत प्रवासाहून परतताना घरी आणि कचेरीत वाटण्यासाठी वस्तू नेण्याचा दस्तूर आहे. त्याला ते ‘ओमियागे’ म्हणतात. तेथील रेल्वे स्टेशनांवर त्या त्या गावचीच मिठाई, एकेक नग वेगळा बांधून, डब्यावर नगांची संख्या छापून विकतात. प्रवाशाला हिशेब करावा लागत नाही. कचेरीत बारा माणसे तर बाराचा डबा. आपल्याकडे आग्र्याचा पेठा, लोणावळ्याची चिक्की याच वाटेने चालली. कापडात मात्र असे कोणी फारसे केले नाही. आपण स्वतः अजमेरहून किंवा खुलताबादच्या उरुसातून परततो तेव्हा काय करतो ते आठवावे. तबर्रुक सगळ्यांना सारखे, टोप्या मोजून, अत्तराच्या शिश्या मोजून. प्रत्येक घराचे नाव बोटांवर मोजूनच आपण बाजारातून निघतो. शिर्डीहून निघालेली आजीबाईही तसेच मोजत असते. तिची भाषा आपल्याला आपल्या घरातूनच कळायला हवी.

तीन पिढ्या, एक जीप

आता पिढ्यांचा फरक पाहू. सत्तरीच्या आसपासची माणसे बहुधा गटाने निघतात, ट्रॅव्हल्सच्या बसमध्ये किंवा मुलाच्या गाडीत. त्यांच्या प्रवासाला बहुतेक वेळा देवाधर्माचे निमित्त असते आणि खरेदीला वाटपाचे. त्यांना वस्तू भारी नको असते, एकसारखी हवी असते. ‘हीच पण आठ आहेत का?’ हा त्यांचा ठरलेला प्रश्न. सहा असतील तर सौदा मोडतो, कारण दोन सुनांना वेगळे दिले की घरात वर्षभर बोलणे होते. यास्तव ज्याला या गिऱ्हाइकाशी धंदा करायचा आहे त्याने पन्नास प्रकार न ठेवता पाच प्रकार ठेवावेत आणि प्रत्येकात दोन डझन. ब्लाऊज पीस, रुमाल, लहान मुलांचे झबले, नॅपकिनचा जोड. ही पिढी घासाघीस करते. ती दस्तूर म्हणून करते. पाच रुपये सुटले की समाधान होते. त्यांना बसायला खुर्ची आणि प्यायला पाणी दिले की ते थांबतात, नाही तर गुडघे त्यांना गाडीकडे ओढतात.

चाळीस ते साठच्या दरम्यानची पिढी पैसे मोजणारी आहे. सरकारी नोकर असेल तर प्रवास सवलतीवर निघालेला, नसेल तर मुलांच्या सुटीवर. याच्या खिशात यादी असते, पूर्वी कागदावर होती, आता मोबाईलवर. बहिणीने सांगितलेले, मेहुणीने सांगितलेले. घरात लग्न ठरलेले असेल तर हाच माणूस येवल्याला वाट वाकडी करून जातो. या वयाचे गिऱ्हाईक आपल्या गावचा भाव मनात धरूनच दुकानात शिरते. त्याला फसवले जाण्याची धास्ती असते आणि ती बायकोसमोर फसण्याची असल्याने दुप्पट असते. त्याच्यापुढे मालाची तारीफ कमी करावी आणि माहिती जास्त द्यावी. हे सूत कोणते, हा रंग पक्का की कच्चा, ही किनार आटेल किंवा नाही. मी तर कच्च्या रंगाचा कपडा असेल तर आधीच सांगतो की पहिल्यांदा वेगळा भिजवा. असे सांगितल्याने एखादा सौदा जातो, पण त्याच माणसाला दुसऱ्या कपड्याबद्दल आपण जे सांगू त्यावर एतबार बसतो.

विशी-तिशीची पिढी निराळी. शनिवारी रात्रीच्या गाडीने उतरून पहाटे अनकाई-टनकाईला किंवा हडबीच्या शेंडीला जाणारी मुले आपण स्टेशनवर पाहतो. पाठीवर बोचके, हातात फोन. आपल्यातले पुष्कळ दुकानदार म्हणतात, ‘हे काही घेत नाहीत.’ घेतात, आपण दाखवतो ते घेत नाहीत. त्यांना नातेवाइकांत वाटायचे नसते, स्वतःसाठी एकच वस्तू हवी असते आणि ती कोणी, कोठे, कशी केली हे ऐकायचे असते. भाव ते आधीच फोनवर पाहून आलेले असतात, तेव्हा त्यांच्याशी घासाघिशीचा खेळ नको. पाटी लावलेला एकच भाव त्यांना बरा वाटतो. सुटे पैसे त्यांच्याजवळ नसतात, फोनवरून पैसे देण्याची सोय नसेल तर ते दुसऱ्या दुकानात जातात. आणि एक गोष्ट आपल्या जुन्या दुकानदारांना पटत नाही, ती म्हणजे हे गिऱ्हाईक फोटो काढते. काढू द्यावा. तो फोटो त्याच्या दहा मित्रांपर्यंत जातो आणि त्यातला एखादा दोन महिन्यांनी फोन करून ‘तसाच पाठवाल का’ म्हणून विचारतो. आमच्या दुकानातून सुती चादरी अशाच नाशिक-पुण्याला कुरियरने जाऊ लागल्या आहेत. फार नव्हेत, पण ज्यांनी मनमाड स्टेशनबाहेर पाऊल टाकलेले नाही अशा लोकांकडे जातात, हे विशेष.

खरी परीक्षा होते ती तिन्ही पिढ्या एका जीपमधून उतरतात तेव्हा. नग आजी ठरवते, बजेट मुलगा ठरवतो आणि रंग नात ठरवते. अनाडी सेल्समन पैसेवाल्याच्या तोंडाकडे पाहून बोलतो आणि सौदा घालवतो. जाणता माणूस आधी आजीला बसवतो, नातीच्या हातात कपडा देतो आणि मुलाला भाव एकदाच, स्पष्ट सांगतो.

वयाखेरीज वाहनही पाहावे. विमानाने आलेल्याला बहुतेक कंपन्यांच्या देशांतर्गत विमानात पंधरा किलो सामान आणि सात किलो हातातले एवढीच मुभा असते. तो जाड चादरीला हात लावणार नाही, पण ओढणी, स्टोल किंवा एकच भारी साडी घेईल. रेल्वेच्या स्लीपरमध्ये चाळीस किलो चालतात. स्वतःच्या मोटारीतला माणूस वजनाचा विचारच करीत नाही. आणि चैत्रात सप्तशृंगीला पायी निघालेला खानदेशी भाविक जाताना काहीच घेणार नाही, कारण जे घेईल ते खांद्यावर वाहायचे आहे. त्याला जाताना पाणी पाजावे, येताना माल दाखवावा.

दलालीचा हिशेब

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो. देवस्थानांच्या रस्त्यांवर गाडीच्या ड्रायव्हरला दलाली देऊन गिऱ्हाईक आणण्याची रीत पडली आहे. ड्रायव्हर ठराविक दुकानासमोरच गाडी थांबवतो आणि बिलावर टक्केवारी घेतो. स्टेशनची गर्दी कमी झाल्यावर आपल्यातल्याही काहींना हाच रस्ता दिसू लागला आहे. तेव्हा हिशेब मांडून पाहू.

समजा, एक साडी आपल्याला १,२०० रुपयांना पडते आणि ३०० रुपये नफा घेऊन आपण ती १,५०० ला विकतो. ड्रायव्हरला बिलाच्या वीस टक्के द्यायचे ठरले आणि नफा तेवढाच राखायचा असला, तर बिल १,८७५ चे करावे लागते. त्यातले ३७५ ड्रायव्हरचे, म्हणजे आपल्या नफ्यापेक्षाही जास्त! गिऱ्हाईक घरी जाते. शेजारीण सांगते की अशीच साडी आपल्या बाजारात साडेपंधराशेला आहे. त्या दिवसापासून केवळ आपले दुकान नव्हे, तर मनमाड-येवला-शिर्डी हा सगळा टापू तिच्या लेखी लुटारूंचा होतो. आणि आपण पाहिलेच की हा प्रवास नातेवाइकांच्या साखळीने चालतो. एक बाई दहा घरी साडी दाखवते, तशी ती दहा घरी हेही सांगते.

काही जण म्हणतील, नफा कमी घ्या आणि दलाली द्या. तेही करून पाहणारे पाहतात. मग हळूहळू माल उतरू लागतो. हातमागाच्या नावावर यंत्रमागाचा, रेशमाच्या नावावर पॉलिएस्टरचा. येथे पैठणीचे उदाहरण घेणे भाग आहे. पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. येवल्याचा कारागीर पदरावरचा मोर, पोपट, असावलीची वेल रंगीत धागे एकमेकांत अडकवून हाताने विणतो. साध्या नगाला काही आठवडे, भरगच्च पदराला काही महिने लागतात. खरा पदर उलटा करून पाहिला तर मागची बाजूही जवळजवळ पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते. यंत्रमागाच्या साडीत मागे सुटे धागे लोंबतात किंवा कापलेले दिसतात. रेशमाची परीक्षाही कठीण नाही. काठाचा एक धागा जाळला तर केस जळाल्यासारखा वास येतो आणि राख बोटाने चुरगळते. पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. शिवाय सेंट्रल सिल्क बोर्डाच्या पाठिंब्याने चालणारे सिल्क मार्कचे लेबल २००४ पासून आहे.

यंत्रमागाची पैठणी विकण्यात काही वाईट नाही. चार-पाच हजारांत पैठणीची हौस भागते, पुष्कळांना तीच परवडते, आणि यंत्रमाग चालवणाराही कारागीरच आहे. वाईट आहे ते न सांगता विकणे. मालातला दोष झाकून विकू नये हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले आहे. मला येथे वाज करायचे नाही, व्यापाराचे बोलायचे आहे. बिलावर ‘हातमाग’ किंवा ‘यंत्रमाग’, ‘शुद्ध रेशीम’ किंवा ‘मिश्र’ असे स्वच्छ लिहावे. आज पंचविशीची मुलगी दुकानात उभी राहूनच फोनवर खऱ्या-खोट्याची पारख वाचते. तिने पदर उलटा करण्याआधी आपण करून दाखवला, तर ती यंत्रमागाची साडीसुद्धा आनंदाने घेऊन जाते. तिला ठाऊक असते की आपण काय घेतले.

दलालीचे ३७५ रुपये दुसरीकडे कोठे लावता येतील, याचाही विचार व्हावा. बायकांसाठी स्वच्छ शौचालय. आपल्या भागातल्या रस्त्यांवर प्रवासी बाईची सर्वांत मोठी अडचण हीच आहे आणि जेथे ती सोय असते तेथे सारी गाडी अर्धा तास थांबते. चार खुर्च्या. पाण्याचा माठ. गाडी उभी करायला जागा. ड्रायव्हरलाही चहा द्यावा, तोही दिवसभर चाकावर असतो. पण बिलात वाटा नको. एकट्या दुकानदाराला हे जड जात असेल तर एका गल्लीतल्या पाच-सहा दुकानांनी मिळून करावे. वर्गणीची आपल्याला सवय आहेच.

आणखी एक काम बिनखर्चाचे आहे. गल्ल्याजवळ एक वही ठेवावी आणि बाहेरगावचे गिऱ्हाईक गेले की तीन गोष्टी टिपाव्यात : कोठून आले, कोणासाठी घेतले आणि काय मागितले जे आपल्याकडे नव्हते. तिसरा रकाना सर्वांत मोलाचा. आपले डोके विकलेल्या मालाचाच हिशेब ठेवते. न विकलेला सौदा कोणी लिहीत नाही. गुरुपौर्णिमा, रामनवमी, दसरा हे शिर्डीचे तीन उत्सव, १३ ऑक्टोबरला येवल्याच्या मुक्तिभूमीवर येणारी मंडळी, मनमाडच्या गुप्तसर गुरुद्वाऱ्यात थांबून नांदेडला जाणारे शीख यात्रेकरू, यांतले प्रत्येक जण वेगळे काही मागतात. एका वर्षाची वही पुढच्या वर्षाच्या खरेदीला दलालाच्या सल्ल्यापेक्षा जास्त कामी येते.

नाशिकच्या सिंहस्थाची मुख्य स्नाने २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आहेत. उत्तरेकडून नाशिक रोडला जाणाऱ्या बहुतेक गाड्या मनमाडवरून जातात. ऐन पावसाळा आणि नदीचे स्नान, म्हणजे यात्रेकरूला लागणार पातळ, लवकर वाळणारा टॉवेल, पंचा, लुंगी आणि पांघरायला हलकी चादर. हा सगळा माल मालेगावच्या मागावर निघू शकतो. परंतु मागवाल्याला सूत घेऊन, रंगवून, विणून द्यायला वेळ लागतो आणि मागणी एकदम आली की तोच भाव चढवतो. ज्यांना घ्यायचा आहे त्यांनी मालेगावला जाऊन नमुने पाहावेत, रंग पाण्यात उतरतो का ते स्वतः भिजवून बघावे आणि बयाणा मेअखेरपर्यंत देऊन टाकावा.